सांगलीकराचा तुरा

थंडीत गावी जायचं मी शक्यतो टाळते. गुडघे धरतात, असं सगळ्यांना सांगते, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पण पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा ऐन मार्गशीर्षात निघाला आणि सांगलीहून कराड, कराडहून पाटण, पाटणहून वर पठारावर असं करत मला जावंच लागलं. सकाळी परसात चूळ भरायला गेले, तर खुराड्याच्या दारात एक कोंबडा एका पायावर उभा. तांबडा, रुबाबदार, मानेवर सोनेरी झाक. आणि तुऱ्याची तीन टोकं काळी.

हातातला तांब्या तसाच राहिला. पन्नासच्या वर वर्षं उलटली, केस पिकले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि तो काढूनही झाला, तरी तेवढ्याशा काळ्या रंगानं मला त्या जुन्या थंडीत नेऊन उभं केलं. माझा मलाच राग आला. साखरपुड्याला आलेली बाई मी, आणि कोंबड्यासमोर उभी राहून रडू दाबते आहे.

परसातलं सगळं बदललंय. खुराड्याला पत्रा आणि जाळी आलीय, कुडाच्या जागी विटांची भिंत उभी आहे, पाणी तापवायला गॅस आहे. वास तेवढा जुना आहे. ओल्या राखेचा, शेणीच्या धुराचा, आणि रात्रभर कोंडलेल्या कोंबड्यांचा तो उबट, थोडा आंबट वास. आत्याबाई सकाळी डालगं उचलायच्या तेव्हा हाच वास भपकन बाहेर यायचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. बांबूच्या त्या मोठ्या पालथ्या टोपलीखाली, डालग्याखाली, कोंबड्या रात्री झाकल्या जायच्या. ते उचललं की पंखांची फडफड, एकच कालवा, आणि त्यात आत्याबाईंचं शांतपणे एकेकीला उचलून तोंडासमोर धरणं. त्या तुरा बघायच्या. रोज, न चुकता, दात घासायच्याही आधी.

त्यांना तुऱ्यावरून सगळं कळायचं. सुकून फिकट पडला की म्हणायच्या, ही आता अंड्यावरनं उठली. अख्खा तुरा जांभळा दिसला की त्या कोंबडीला बाजूला काढून पडवीत ठेवायच्या आणि दिवसभर गप्प असायच्या. पिठासारखा पांढरा कोंडा धरला की बोटानं खरवडून बघायच्या. आणि तुऱ्यावर, डोळ्यांच्या कडेला, चोचीच्या मुळाशी चामखिळीसारखे फोड आले की त्या कोंबड्यांच्या देवी. मला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सांगलीची. कोंबडी मी बघितली होती ती फक्त ताटात.

माझे वडील सांगलीला हळदीच्या पेवांवर कामाला होते. पेव म्हणजे नदीकाठच्या मातीत खणलेलं खोल कोठार, तोंड लहान आणि पोट मोठं. वर्षभर हळद त्यात राहते आणि तिला किडा लागत नाही. वडील घरी आले की त्यांच्या आधी हळदीचा वास घरात यायचा. आमची भांडी पिवळी, आमच्या वह्यांचे कोपरे पिवळे, आईच्या लुगड्याचे पदर पिवळे. कापलं तर हळद, खोकला झाला तर हळद, पाय मुरगळला तर हळद, मुंग्या झाल्या तरी हळद. हळद लावून बरं होत नाही असं दुखणं जगात असतं, हेच मला माहीत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे.

सत्तर साली लग्न होऊन मी ह्या पठारावर आले. आमचे हे फौजेत. महिनाभराची सुट्टी संपवून पलटणीत परत गेले, आणि मी, आत्याबाई, शाळेत जाणारा दीर आणि ही थंडी असे मागे राहिलो. सांगलीत थंडी म्हणजे कृष्णेवरचं धुकं, नऊ वाजता विरून जाणारं. इथली थंडी अंगात येऊन बसायची. वारा दरीतून वर चढायचा आणि कुडाच्या फटीतून शिट्टी वाजवायचा. खोबरेल डब्यात दगड व्हायचं. सकाळी भांडी घासताना माझी बोटं माझी राहायची नाहीत.

पहिल्या दिवाळीला भाऊ मला भेटायला आला. येताना एसटीत मांडीवर करंडी घेऊन आला, आणि तिच्यात एक पांढरा विलायती कोंबडा. त्या काळी सांगलीकडे ह्या पांढऱ्या कोंबड्यांचं नवं वेड होतं. पांढरा म्हणजे दुधासारखा पांढरा, आणि तुरा केवढा! पाच टोकांचा, तळहाताएवढा, लालभडक, आणि चालताना एका डोळ्यावर लवणारा. दिरानं लगेच त्याचं नाव सांगलीकर ठेवलं. सकाळी तो आरवला की म्हणायचा, वहिनी, तुमचं सांगलीकर उठलं. मीही हसायचे. खरं सांगायचं तर त्या परसात तो एकटाच माझ्या गावचा होता.

आत्याबाईंनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं, तुरा चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "देखणा हाय. पर एवढा तुरा हिकडं टिकायचा न्हाई, पोरी. आमच्या कोंबड्यांचं बघ कसं आवळून बसलेलं असतंय. गारठ्याला धरायला जागाच न्हाई."

मला ते लागलं. माहेराला नावं ठेवतात असं वाटलं. एकोणीस वर्षांची होते, कशाचंही वाटून घ्यायचे. पहिला हिवाळा सौम्य गेला आणि सांगलीकराच्या तुऱ्याला काही झालं नाही, तेव्हा मी मनातल्या मनात जिंकले.

पुढच्या वर्षी लढाईची चर्चा सुरू झाली. ह्यांची पत्रं आधी उशिरा, मग थांबत थांबत येऊ लागली. कुठं आहेत ते लिहायची परवानगी नव्हती, फक्त चौफेर बर्फ आहे एवढं एका पत्रात होतं. आत्याबाई एका मंगळवारी गावदेवीच्या देवळात गेल्या, मलाही नेलं. नारळ ठेवून त्या मोठ्यानं बोलल्या, माझा लेक त्याच्या पायानं चालत घरी येऊ दे, चैत्राच्या जत्रेला तुला कोंबडा देईन. देवाला बोललेला कोंबडा आमच्याकडे असातसा चालत नाही. पिसं, नखं, शेपूट, तुरा, सगळं जागच्या जागी पाहिजे. जत्रेत पुजारी त्याला उलटापालटा करून बघतो आणि काही उणं दिसलं तर सगळ्यांसमोर परत पाठवतो.

घरी परतताना मी म्हटलं, सांगलीकरच द्या. आत्याबाई म्हणाल्या, गावठी देऊ, त्याचा भरवसा असतो. मी हट्टाला पेटले. माझ्या नवऱ्यासाठी माझ्या माहेरचा कोंबडा, ह्यात काय चुकलं, असं काहीसं बोलले. त्या बांधावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बरं, तुझा तर तुझा. तेवढ्या वाक्यानं तो कोंबडा माझ्या गळ्यात पडला, हे मला तेव्हा कळलं नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर. संध्याकाळी मास्तरांच्या घरी रेडिओ लागायचा आणि सगळं गाव अंगणात कांबळी पांघरून बसायचं. त्या साली थंडी अशी पडली की बांधावरच्या गवतावर दव गोठून पांढरं व्हायचं आणि पायाखाली करकर वाजायचं. म्हातारी माणसंही म्हणत होती की असं क्वचित बघितलं. अशाच एका सकाळी आत्याबाईंनी डालगं उचललं, सांगलीकराला हातात घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. तुऱ्याच्या तीन टोकांवरचा लाल रंग गेला होता. राखेसारखी फिकट पडली होती ती.

मग सुरू झालं प्रत्येकाचं शहाणपण. शेजारीण म्हणाली, दुसऱ्या कोंबड्यानं टोचलं असणार. दिराचे मित्र म्हणाले, विलायती माल असाच असतो. सगळ्यांवर कडी केली ती चुलतसासऱ्यांनी. ओट्यावर बसून, तपकीर ओढून त्यांनी निकाल दिला, की ही देवी आहे आणि देवीला बोललेल्या कोंबड्यावर आलीय, म्हणजे नवस काही तिनं घेतलेला दिसत नाही. एवढं बोलून ते चहा पिऊन निघून गेले. ज्याला कोंबड्याच्या तोंडाकडे नीट बघायचीही तसदी घ्यायची नव्हती, त्या माणसाच्या एका वाक्यावर मी पुढचे आठ दिवस जळले. अजूनही आठवलं की हात शिवशिवतात.

आत्याबाईंनी मला जवळ बोलावून दाखवलं. "देवीचा फोड डोळ्याच्या कडंला येतो, चोचीपाशी येतो, खडबडीत लागतो. ह्याला कुठं हाय का? नुसती टोकं गेल्यात. ह्यो गारठा हाय." मग त्यांनी तुरा कोरड्या फडक्यानं पुसला, डब्यातलं दगड झालेलं खोबरेल नखानं खरवडलं, तळव्यावर वितळवलं आणि टोकांवर नुसता हात फिरवला. कोंबड्याला पडवीत, वाऱ्याच्या आड ठेवलं. डालग्यावर मी पोतं टाकायला गेले तर म्हणाल्या, सगळं बंद करू नको, कोंबड्यांच्या श्वासाची ओल आत साचते.

दुसऱ्याच दिवशी मलकापूरहून निरोप आला. नणंदेचे दिवस भरले होते. आत्याबाईंना जावं लागणार होतं. निघताना, लुगड्याचा काचा मारता मारता त्यांनी मला सांगितलं, "त्याला कोरडा ठेव. दुसरं काई करू नको. टोकं गेली तर गेली, बाकीचा तुरा ऱ्हाईल."

दुसरं काई करू नको. किती सोपं होतं. काही न करणं एवढंच काम होतं माझ्याकडे, आणि तेवढं मला जमलं नाही.

कारण टोकं गेली तर गेली, हे त्यांना चालणार होतं, मला चालणार नव्हतं. पुजारी तुरा बघणार होता. चुलतसासऱ्यांचं वाक्य कानात होतं. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. त्या संध्याकाळी दिवा लावला आणि मी माहेरहून आणलेला हळदीचा डबा उघडला. तो वास आला आणि मला वाटलं, आता सगळं नीट होईल. वडिलांच्या पेवातली हळद, पाण्यात कालवून दाट लेप केला, आणि तुऱ्याच्या मुळापासून टोकापर्यंत लावला. कोंबडा शांत बसला होता. डोळे मिटून घेतले त्यानं. हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. मी त्याच्याशी बोललेसुद्धा, काय बोलले ते सांगत नाही.

तीन संध्याकाळी मी तो ओला लेप लावला. बाहेर दव गोठत होतं आणि मी रोज तिन्हीसांजेला त्या तुऱ्याला पाणी लावत होते. वर, वारा लागू नये म्हणून डालग्यावर दोन पोती घट्ट दाबून टाकत होते.

चौथ्या सकाळी पोती काढली तर तुरा सुजला होता. दोन दिवसांत सूज उतरली आणि तीन टोकांच्या जागी पाचही टोकं काळी झाली, अर्ध्यापर्यंत. मग ती वाळली, खारकेसारखी. एकेक करून गळून पडली. एक तर दाण्यांच्या ताटलीत पडलेलं सापडलं, बाकीच्या कोंबड्या त्याच्या भोवतीनं दाणे टिपत होत्या. मी ते उचललं आणि कुंपणाशी पुरलं. लढाई तोवर संपली होती, मास्तरांच्या अंगणात पेढे वाटले गेले होते. माझ्या तोंडात तो पेढा फिरत राहिला.

आत्याबाई यायच्या आदल्या दिवशी मी सांगलीकराला कोमट पाण्यानं पुसून काढलं. पण पांढऱ्या पिसांवरची हळद अशी जाते का? मान पिवळी ती पिवळीच राहिली. त्या आल्या, नातू झाल्याचं सांगितलं, गूळ हातावर ठेवला आणि थेट पडवीत गेल्या. कोंबड्याला उचललं, मान उजेडाकडे वळवली. तुऱ्याचा खुंट बघितला. मानेची पिसं उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि ओरडा खायला तयार होते. खरं तर ओरडा खायला आतुर होते.

"लयच गारठा पडला गं ह्या साली," त्या म्हणाल्या आणि कोंबडा खाली सोडला.

बस. पुढे एक अक्षर नाही.

आठवड्यानं पत्र आलं. अक्षर ह्यांचं नव्हतं, कोणीतरी लिहून दिलं होतं. इस्पितळात आहे, काळजी नको, बर्फात डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली ती काढावी लागली, बाकी ठीक. दिरानं वाचून दाखवलं. काळी पडली, ह्या शब्दापाशी मी खाली बसले.

कोंबड्याच्या तुऱ्याचा आणि माणसाच्या बोटांचा काही संबंध नसतो, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. सातवीपर्यंत शिकले होते. पण ही अक्कल चारचौघांत बोलायला बरी. फाल्गुनात हे घरी आले, फाट्यापासून घरापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आले, किंचित लंगडत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मी पायावर पाणी घातलं. त्या डाव्या पायाकडे मी बघत राहिले तेव्हा हे हसून म्हणाले, "थंडीनं न्हाई गेली, वलीनं गेली. मोजं भिजलं हुतं आन् वाळवाया जागा न्हवती. डॉक्टर म्हणला, पाय कोरडा ऱ्हायला असता तर कायबी झालं नसतं."

माझ्या हातातला तांब्या थांबला. मी मान वर करून आत्याबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडवीतल्या डालग्याकडे बघत होत्या.

चैत्रात जत्रेला गावठी कोंबडा गेला. पुजाऱ्यानं तो उलटापालटा करून घेतला. सांगलीकराचं काय करायचं, असं दिरानं विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, राहू दे त्याला. तो पुढे पाच-सहा वर्षं राहिला, बिनतुऱ्याचा, पण आवाज तसाच खणखणीत. रोज सकाळी मला त्याचंच आरवणं ऐकून उठावं लागायचं.

पुढे हे फौजेतून सुटले, सांगलीला नोकरी लागली आणि आम्ही तिकडेच राहिलो. डाव्या बुटाच्या टोकात कापूस भरायचं काम आयुष्यभर माझं होतं. मोजे मी दोरीवर दोन-दोनदा उलटे करून वाळवायचे. हे चेष्टा करायचे, की आता कुठली लढाई आहे. त्यांना मी सांगितलं नाही. ते हसले असते आणि विसरले असते, आणि मला ते नको होतं. सांगायचं होतं ते आत्याबाईंना. दर सुट्टीत गावी यायचे, त्या परसात कोंबड्या बघत असायच्या, मी शेजारी जाऊन उभी राहायचे. वाक्य जिभेवर तयार असायचं. मग त्या विचारायच्या, चहा टाकू का, आणि मी म्हणायचे, टाका. त्यांच्या शेवटच्या आजारात पंधरा दिवस उशाशी बसले. एकदा सुरुवातही केली, आत्याबाई, तो सांगलीकर... तेवढ्यात कोणीतरी भेटायला आलं. मग त्या गेल्या. सहा वर्षांमागं हेही गेले. एवढ्याशा गोष्टीला चाळीस वर्षं मिळाली होती मला.

"काकी, उन्हात या की, हितं गार लागंल," पाठीमागून सुनंदा म्हणाली. सुनंदा माझ्या पुतण्याची बायको, उद्या जिच्या मुलीचा साखरपुडा होता ती. लग्न होऊन आली तेव्हा आत्याबाई होत्या, त्यांच्या हाताखाली दहा-अकरा वर्षं काढली तिनं. तिच्या हातात फडकं आणि खोबरेलाचा डबा होता. बसली उकिडवी, कोंबड्याला मांडीत घेतलं, तुरा कोरडा पुसला आणि नखानं तेल खरवडलं. तळव्यावर वितळवलं. अगदी तसंच.

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "हळद लाव की थोडी, पाण्यात कालवून."

"नगं, काकी." ती मान न उचलता हसली. "वल्ला लेप आजींनी कवाच लावू दिला न्हाई. म्हणायच्या, वल गारठा धरती. ह्याच घरात एका पोरीनं लावला हुता म्हणं, मायेनं, आन् तुरा गेला सगळा."

"मग ओरडल्या असतील तिला."

"मीबी तेच इचारलं. तर म्हणाल्या, वरडू कशी? नवऱ्याच्या काळजीनं ती आधीच अर्धी झालती. आन् कोरडा ठेव एवढंच सांगून गेले मी, पाणी लावू नको म्हणून सांगायचं माझंच ऱ्हायलं."

मला राग आला, दुसरं काही नाही. माहीत होतं तर बोलायचं होतं. एकदा, कधीही, चहाच्या आधी किंवा नंतर.

"कोण पोरगी ते सांगितलं का?"

"न्हाई. लय इचारलं मी. म्हणाल्या, तिचं ती सांगंल कवातरी, मी वाट बघतीया."

ऊन पत्र्यावर आलं होतं. घरातून कोणीतरी सुनंदाला हाक मारली, तिनं आले म्हणून ओरडून सांगितलं. मी गुडघ्यांवर हात ठेवून कशीबशी तिच्यासमोर खाली बसले आणि कोंबडा माझ्या मांडीत घेतला. गरम होता तो, आणि त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली भराभरा उडत होतं.

"सुनंदा, ती पोरगी मीच," मी म्हणाले.

तिचं तेलाचं बोट तुऱ्यापाशी थांबलं. तेल वितळून तिच्या मनगटापर्यंत ओघळलं.